बापूजीचं मुंडण

बापूजीनं जित्या पोराच्या नावानं आंघोळ केली आणि वरून मुंडणही केलं, अशी कुजबूज त्या हिवाळ्यात नागभीडकडच्या त्या गावात उठली. आधी नळावर, मग पानठेल्यावर, मग आठवडी बाजारात वांग्यांच्या ढिगापाशी. बघता बघता तिला असे हातपाय फुटले, की बापूजीनं पोराचा फोटोही बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यात बुडवला, असं एक बाई शपथेवर सांगू लागली. बाई त्या दिवशी माहेरी होती. पण तेवढ्यानं काही कोणाची शपथ अडत नाही.

पोरगा म्हणजे प्रणित. चंद्रपूरला मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला, बायको दिव्यानी, दोन खोल्यांचा संसार. आई रुखमाबाई गेल्यावर त्यानं बापाला आपल्याकडे नेलं होतं. म्हातारा कोळशाच्या धुळीला शिव्या देत लगेच परत आला. मग प्रणितनं काय करावं? गावच्या घरी भिंतीवर मोठा टीव्ही लावून दिला, कवेलूच्या छपरावर डिशची छत्री बसवली, "आता करमन तुले बा," म्हणाला आणि सुटल्यासारखा एसटीत बसला. सुटल्यासारखा, हे त्याचं त्यालाच जाणवलं, आणि ते मनात कुसळासारखं रुतून बसलं.

बापूजीला करमलं मात्र. संध्याकाळी एक मालिका लागायची. मोठं थोरलं घर, त्यात एकटा म्हातारा, सगळे त्याला आबा म्हणत. पोरं कोणी मुंबईला, कोणी परदेशात. फोन उचलायला कोणाला सवड नाही. बापूजी खाटेवर बसून त्या पोरांना असा झोडपायचा, की शेजारची सत्यशीला भिंतीपलीकडून ओरडायची, "भाऊ, हळू बोला ना! आमच्या माणसाले वाटते, त्यालेच बोलून राह्यले!"

"तोबी काई कमी नाई!" बापूजी इकडून.

आबा जेवायला बसला की हाही ताट वाढून घ्यायचा. जाहिराती लागल्या की चुलीवरची भाजी हलवून यायचा. त्या वेळात प्रणितचा फोन आला तर खेकसायचा, "आबा एकटा जेवून राह्यला. तू मंग कर." प्रणित हसत दिव्यानीला सांगायचा, "बाले माह्यापेक्षा त्या आबाचीच काळजी जास्त." हसताना त्याला थोडं बरंही वाटायचं. बापाला सोबत करायची आपली पाळी कोणीतरी उचलली होती.

आणि एका बाजाराच्या दिवशी बापूजी तुळतुळीत डोक्यानं आला. मिशीसुद्धा गेलेली. सत्यशीलानं भाजीची पिशवी खाली ठेवली. "अगं बाई! कोण गेलं भाऊ?"

"होतं एक घरचं माणूस," म्हणाला आणि पुढं निघून गेला.

आता घरचं म्हणावं असं उरलं होतं कोण? बायको कधीचीच गेलेली, भाऊबंद नाहीत. राहता राहिला प्रणित, आणि तो तर धडधाकट. कुजबुजीचा जन्म इथला.

केस काढणारा पत्रू न्हावी. पत्रूची जीभ वस्तऱ्यापेक्षा सपासप चालायची. कोणाच्या सुनेनं कोणती भाजी करपवली, हे दाढी होईस्तोवर कळायचं. पण बापूजीचा विषय काढला की तो नुसता ब्रशनं फेस करत राहायचा. पत्रू गप्प बसला म्हटल्यावर गावाची खात्रीच पटली.

प्रणितला हे त्याच्या दोस्तानं, सुरजनं, फोनवर सांगितलं. त्यानं लगेच बापाला फोन लावला.

"बा, डोकं काऊन काढलं?"

"खाज सुटली होती."

"खाजेसाठी मिशी काढा लागते?"

पलीकडे खाट करकरली.

"कोणाच्या नावानं काढलं, ते सांग. माह्या?"

"लोकाइच्या बोलण्यावर नोको जाऊ."

"मंग तू सांग ना!"

फोन बंद झाला. प्रणितनं पुन्हा लावला नाही. दुसऱ्या कोणाबद्दल असतं, तर गावच्या गप्पा म्हणून त्यानं थुंकून टाकलं असतं. पण एसटीतलं ते सुटल्यासारखं वाटणं त्याला आठवलं आणि ही अफवा त्याला पटली. बापानं ओळखलं आपल्याला, असंच त्याला वाटलं. होळीला तो गेला नाही. उन्हाळ्यात दिव्यानी म्हणाली, "एक डाव जाऊन तर या. म्हातारा जीव आहे."

"मेलेला माणूस कुठी जाते?" तो म्हणाला.

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीत, बापूजी गेला. सत्यशीलाला संशय आला तो शांततेनं. पलीकडे टीव्ही चालू होता आणि शिव्या ऐकू येत नव्हत्या. ती धावत गेली तेव्हा तो खाटेवर तसाच टेकलेला होता.

प्रणित आला. दगडासारख्या चेहऱ्यानं अग्नी दिला. दहाव्याला बोडीच्या काठावर पत्रूनं वस्तरा काढला. प्रणित मागं सरकला.

"मी केस देत नाई."

"अबे, बाप होय तो तुहा!" गावातला जाणता पोचूभाऊ कडाडला.

"त्यानं माह्या नावानं आधीच काढले. आता माह्याकडून काऊन पाह्यजे?"

पत्रूनं वस्तरा खाली ठेवला. "तुह्या नावानं नोयते काढले," तो म्हणाला. मग अडखळत, खाली बघत, त्यानं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "माह्या लेकराइची शपथ घातली होती त्यानं. 'लोकं मले येडा म्हणतीन, प्रणित दवाखान्यात नेऊन टाकीन,' म्हणे."

"एवढे दिवस गावभर बोंब होती, आन् तू तोंड शिवून बसला?" पोचूभाऊ म्हणाला. "जलमात एक गोष्ट पोटात ठेवली बे तू, तेबी हे?"

"मले वाटलं, बाप-लेक होयेत. बोलतीन एक दिवस."

प्रणित चिखलातच बसला आणि त्यानं डोकं पुढं केलं. कानामागं वस्तरा लागून रक्त आलं. प्रणितनं ते पुसलं नाही.

खरं होतं ते एवढंच. मालिकेतला आबा मेला. त्याचा परदेशातला पोरगा आला, पण त्यानं केस काढले नाहीत. म्हणून बापूजीनं काढले.