नव्या टायरांची मालिश

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच पुढचं सांगतो. कारण ही गोष्ट मी आजवर दोनच माणसांना सांगितली, आणि ते दोघंही अजून माझ्या दुकानात शिरताना नाक वर करून वास घेतात. हा असला माणूस आहे मी. आता ऐका.

सेलूला माझं मेडिकलचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. वीस वर्षं झाली, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचण्यात माझं आयुष्य चाललंय. त्यातून मला एक रोग जडला. जगातली कुठलीही वस्तू आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळते, असं वाटण्याचा. ह्यावर औषध निघालेलं नाही. निघालं असतं तर आमच्या घरी ते चहातून दिलं गेलं असतं.

चार वर्षांपूर्वी मी लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल घेतली. उंच, दणकट, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. कशासाठी? तर आमच्या सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, समुद्र बघायचा होता. जन्म ह्याच जिल्ह्यात, माहेर ह्याच जिल्ह्यात, सासरही ह्याच जिल्ह्यात. मोठं पाणी म्हणून तिनं पाहिलं ते गंगाखेडला गोदावरीचं, आणि तेही उन्हाळ्यात, म्हणजे पाणी कमी आणि वाळू जास्त. मी छाती काढून म्हणालो, रेल्वेनं कशाला, गाडीवर नेतो तुला. थेट कोकणात.

नेलं का? नाही. मागच्या वर्षी देवगाव फाट्याला आम्ही पडलो. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर काळी माती सांडून ठेवलेली, वरून भुरभुर झालेली. गाडी अशी घसरली, की आम्ही दोघं थेट उभ्या असलेल्या एसटीच्या दाराशी. कंडक्टरनं खाली वाकून विचारलं, "कुठं जायचंय?" लागलं कुणालाच नव्हतं, पण सुनीता उठली आणि त्याच एसटीत बसून घरी गेली. त्यानंतर वर्षभर ती माझ्या गाडीवर बसली नाही.

मी म्हणालो, "अगं, टायर घासून गोटा झालेत. त्यात माझी काय चूक? नवे टाकतो, मग बघ."

"टाका," ती म्हणाली. "मग चारठाण्याच्या देवळापस्तोर नेऊन आणा मला. न घसरता आणलं तर समुद्राला येते. घसरली तर पुन्हा ह्या गाडीचं नाव काढायचं न्हाई."

म्हणजे बघा, अख्खा समुद्र आता दोन टायरांवर येऊन थांबला होता.

मी कामाला लागलो. दोन महिने दुसरं काही नाही. मोबाइलवर व्हिडिओ, हातात वही. मऊ रबर रस्ता घट्ट धरतं, पण लवकर झिजतं. कडक रबर टिकतं, पण ओल्यावर दगा देतं. खोल नक्षीचा टायर चिखलातून काढतो, पण डांबरावर गुरगुरतो. उथळ नक्षीचा डांबरावर छान, पण आपल्या काळ्या मातीत त्याची नक्षीच बुजून जाते. सगळं वहीत लिहिलं, पानांना नंबर दिले. दुकानात खोकल्याचं औषध मागायला आलेली माणसं ट्यूबलेस टायर समजून घेऊन जायला लागली. काही तर औषध न घेताच गेली.

एका दुपारी सुनीता जेवायला बोलवायला खाली आली. माझी वही तिनं उघडून पाहिली आणि म्हणाली, "मला बघायला आलते तवा अर्ध्या घंट्यात हो म्हणलते तुमी. आन टायराला दोन महिने?"

मी वही मिटली. जेवायला गेलो.

शेवटी परभणीला हमीदभाईंच्या दुकानात पोचलो. हमीदभाई म्हणजे पांढऱ्या दाढीचे, शांत गृहस्थ, सगळा जन्म टायरात गेलेला. मी वही उघडली आणि प्रश्न सुरू केले. ते एकेक टायर काढून दाखवत गेले, मी एकेकाची नक्षी बोटानं चाचपत गेलो. दुपारची नमाज पढून ते परत आले तरी मी पान सातवर होतो.

"मेडिकलवाले," ते म्हणाले, "एवढे सवाल आजपस्तोर मला कुणी पुसले न्हाईत."

मी ते कौतुक समजलो.

मऊ रबराची, मध्यम नक्षीची जोडी निवडली. टायर बसवून झाल्यावर हमीदभाई सांगायला लागले, "नवा टायर गुळगुळीत असतोय. पयले शंभर किलोमीटर सबुरीनं घ्या. वरचा थर निघून जाऊ द्या, मग बगा कसा..."

मी हात वर करून त्यांना थांबवलं. "माहीत आहे, हमीदभाई." आणि खरंच माहीत होतं. पान नऊ.

अगदी हळू गाडी चालवत घरी आलो. वाटेत रस्त्याचं काम चाललेलं, त्यामुळं सेलूत पोचेपर्यंत टायर धुळीनं पांढरे फटक. दुसऱ्या दिवशी सकाळी चारठाण्याला निघायचं होतं. सुनीता वर पूजेचं ताट करत होती. नव्या टायरांना हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, पुढं नारळ. मी खाली येऊन टायर धुतले, पुसले, पण ते वाळल्यावर पुन्हा मळकटच दिसायला लागले. दोन महिने ज्यांची वाट पाहिली ते टायर पूजेला असे बसणार? मला बघवेना.

दुकानात खालच्या फळीवर एका खोक्यात लहान बाळांच्या मालिशच्या तेलाच्या दोन बाटल्या होत्या. मुदत संपलेल्या, कंपनीला परत पाठवायच्या राहिलेल्या. बाळाला तर लावता येणार नाही. पण टायरला कसली मुदत?

फडकं घेतलं, चार थेंब टाकले आणि टायरच्या कडेवरून फिरवलं. काय चमक आली म्हणून सांगू. काळा कुळकुळीत, नुसता बघत राहावा. गाडी मधल्या स्टँडवर होती. डाव्या हातानं चाक फिरवत होतो, उजव्या हातानं फडकं चालत होतं. आधी कडा झाल्या. मग हात थांबेना, म्हणून वरचा भाग झाला. मग नक्षीच्या एकेका खाचेत, बाळाच्या बोटांच्या बेचक्यात लावतात तसं, बोट घालून घालून लावलं. दोन टायर, दोन बाटल्या, दोन्ही रिकाम्या.

तुमच्या आत्ताच लक्षात आलं असेल. तुम्ही व्हिडिओ बघितले नाहीत ना, म्हणून.

सकाळी पूजा झाली. नारळ फुटला. सुनीता नवी साडी नेसली होती, वर तिनं हेल्मेट घातलं आणि वर्षानंतर पहिल्यांदा माझ्यामागं बसली. दोन्ही हातांनी माझा शर्ट असा धरला, की पहिलं बटण गळ्याला रुतलं. गल्लीतली माणसं दारात उभी. मी मोठ्या थाटात लिंबं चिरडली आणि फाटकाबाहेर निघालो.

आमच्या फाटकाबाहेर शहाबादी फरशीचा उतार आहे. पाच-सहा हातांचा असेल. त्या उतारावर माझी गाडी, जिचे टायर मी ओल्यात कसे धरतात, चिखलात कसे धरतात, वळणावर कसे धरतात हे सगळं वहीत लिहून निवडले होते, ती गाडी आडवी झाली. जोरात नाही हो, अगदी सावकाश. म्हैस बसते तशी बसली. शेजाऱ्यांचं बांधकाम चालू होतं, त्यांच्या वाळूच्या ढिगावर सुनीता जाऊन टेकली.

ती उठली. साडी झटकली. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. "झालं चारठाणा," म्हणाली आणि वर निघून गेली.

खरं सांगतो, पडल्याचं काही वाटलं नाही, पण हे झालंच कसं? गाडी उचलली, पुन्हा चालू केली, हातभर पुढं नेली. मागचं चाक पुन्हा बाजूला सरकलं. मी दोन महिने अभ्यास केलेला, माझी चूक असणं शक्यच नव्हतं. मग उरलं काय? टायर नकली. हमीदभाईंनी फसवलं.

मी सुनीताच्या धाकट्या भावाला फोन केला. दिलीप जवळच्याच गावात शेती करतो. स्वभाव असा, की भांडण कुठं आहे एवढंच विचारतो, कशावरून आहे ते वाटेत कळलं तरी चालतं. अर्ध्या तासात भाड्याचा टेम्पो घेऊनच हजर.

"नकली टायर?" तो म्हणाला. "दाजी, चला. आज त्याचं दुकानच बंद करू."

गाडी टेम्पोत चढवली. तेवढ्यात सुनीता खाली आली. "मी बी येते. मला एकदा बगायचाय तो माणूस."

परभणीला पोचेपर्यंत माझं भाषण तयार होतं. दुकानासमोर उभा राहून मी ते खड्या आवाजात केलं. इज्जतीचा धंदा म्हणता, बाईमाणूस पडली माझ्यामागची, काही झालं असतं तर कोण जबाबदार, ग्राहक मंचात खेचतो. पाच मिनिटांत पंचवीस माणसं जमली. दिलीप मधूनमधून "दाजी, बरोबर हाय" म्हणत बाह्या मागं सारत होता. खरं सांगायचं तर मला ते सगळं आवडायला लागलं होतं.

हमीदभाई टेम्पोतून उतरवलेल्या गाडीजवळ गेले, उकिडवे बसले. टायरवरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर बोट घासलं. मग ते बोट नाकाजवळ नेलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा वास घेतला.

मान वर करून त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "मेडिकलवाले, घरात लेकरू झालंय का?"

दिलीपनं वळून बहिणीकडं पाहिलं, "ताई?" आमची थोरली मुलगी बारावीला आहे.

"काय बोलायलाव तुमी?" सुनीता हमीदभाईंना म्हणाली.

"भाभी, गुस्सा करू नका. टायरातून मालिश केलेल्या लेकराचा वास यायलाय."

सुनीता पुढं आली. पदर सावरून वाकली, वास घेतला आणि हळूहळू उभी राहिली. "हे तर आपल्या दुकानातलं तेल हाय."

पान एक ते पान सदतीस, सगळी वही डोळ्यांपुढून गेली. तेल टायरला लावू नये, हे एकाही पानावर नव्हतं. ते लिहायची गरज कुणाला पडते?

दिलीपचं डोकं मात्र आता पेटलं. "दाजी, म्हणजे कुणीतरी दुश्मनी काढली तुमच्यावर. ताईच्या जिवावर उठला कोणतरी. कोण हाय तो? निस्तं नाव सांगा, त्याचे हात मोडून गळ्यात घालतो."

"दिलीप, जाऊ दे."

"जाऊ दे कामून? गल्लीतलाच असंल. नाव सांगा."

पंचवीस माणसं नावाची वाट बघत होती. सुनीता माझ्याकडं बघत होती. तिला नाव कळलेलं होतं.

"मीच," मी म्हणालो. "चमक यावी म्हणून."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. एक माणूस फक्त "अरारारा" म्हणाला, तेही हळहळून.

मी हमीदभाईंपुढं हात जोडले. म्हणालो, सगळ्यांसमोर तुम्हाला नाही नाही ते बोललो, माफ करा. त्यांनी माझे हात खाली केले. बादलीत धुण्याची पावडर कालवली, ब्रश घेतला आणि दोन्ही टायर खाचाखाचांतून स्वतः घासून काढले. फेस गेला, पाणी गेलं, टायर वाळले. मग दिलीपला म्हणाले, "एक चक्कर मारून आणा. सबुरीनं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एक सांगतो मेडिकलवाले, टायर तुमी लाखात एक निवडलाव."

दिलीप फिरून आला तो हरखूनच. "दाजी, काय धरतेत टायर. वळणावर निस्ते चिकटून बसायलेत."

सुनीतानं गाडीच्या पेटीतलं हेल्मेट काढलं आणि डोक्यावर चढवलं. माझा जीव भांड्यात पडला. मी लगबगीनं रुमालानं सीट पुसली. ती माझ्या बाजूनं गेली आणि दिलीपच्या मागं जाऊन बसली.

"अगं, मी आहे ना."

"समुद्र बगायचाय मला," ती म्हणाली. "ह्याच गाडीवर, ह्याच टायरवर. पण तुमच्या मागं बसून न्हाई."

टेम्पोवाल्याला दुसरं भाडं मिळालं होतं, तो निघून गेला. मी सेलूच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये चढलो. नऊ माणसांच्या जागेत अकरावा. दिलीप सबुरीनं चालवत होता, म्हणून मानवत रोडच्या अलीकडं आमच्या जीपनं त्यांना गाठलं. पुढं मोठं वळण होतं. गाडी रेषेवरून चालल्यासारखी वळली. सुनीतानं दिलीपचा शर्टसुद्धा धरलेला नव्हता. एका हातानं शेतातलं काहीतरी दाखवत ती मोकळेपणानं हसत होती.

माझ्या मांडीला मांडी लावून पटका बांधलेले एक आजोबा बसले होते. ते काचेतून बघत म्हणाले, "काय गाडी हाय राव. कुणाची असंल?"

"माझी," मी म्हणालो.

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आन मागं बसल्यात त्या?"

"माझी बायको."

आजोबांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. "मग तुमी हितं काय करायलाव?"

"टायर मी निवडलेत," मी म्हणालो.