दादाला कोण सांगणार

दोन मुलींवर थांबायचं, हे दादाचं आणि वहिनीचं ठरलं होतं. थांबायचं कसं, हे मात्र अडलं होतं. वहिनीनं तांबी बसवून पाहिली, तर अंगावरून इतकं जायला लागलं की ती काढावी लागली. गोळ्यांनी मळमळायचं. ऑपरेशनला गेली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात रक्त फार कमी आहे, आधी ते वाढू दे. आणि एवढ्यात पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असंही त्यांनी बजावलं.

मी तेव्हा नाशिकला वसतिगृहात होते. पेठ तालुक्यातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्याच सुमारास वर्गात लोकसंख्यावाढ रोखण्याच्या उपायांवर मी बोलले होते. पुरुषाची नसबंदी बाईच्या नसबंदीपेक्षा सोपी असते, तरी पुरुष पुढे येत नाहीत, हे वाक्य मी न अडखळता म्हटलं. टाळ्याही मिळाल्या. पण 'पुरुष' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे कुणाचाच चेहरा नव्हता.

दिवाळीला घरी गेले. खळ्यावर भात झोडताना वहिनी हळूच म्हणाली, "बाई, तू शिकलीस ना? मंग तूच सांग तुझ्या दादाला. मी बोलले तर म्हणतो, मला बैलासारखा बडवतेस का?"

बैल बडवणं, म्हणजे खच्ची करणं, आमच्याकडे सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. त्यामुळे दादाला काय वाटत असेल ते मला लगेच समजलं. मी वहिनीला हो म्हणाले खरी, पण बोलायचं टाळत राहिले. पाठच्या बहिणीनं थोरल्या भावाशी हे बोलायचं तरी कसं? शेवटी एकदा सगळे जेवायला बसलो असताना, ताटाकडे बघतच मी विषय काढला.

दादाचा घास हातातच राहिला. "तुला हेच शिकवत्यात का तिकडं?"

"हेपण शिकवतात."

"गडी नरम पडतो त्यानं. आता द्राक्षाच्या कामाला निघायचंय. तिथं वझी कोण उचलंल? तू?"

"बडवलेलाच बैल औत वढतो की," वहिनी चुलीपाशी पुटपुटली. "वळूला कोण जुंपतं?"

आई पदराआड हसली. दादा नाही हसला. तो खरंच घाबरला होता. अंगातलं बळ हीच त्याची कमाई, ते गेलं तर काय, एवढाच त्याचा प्रश्न होता.

मग मी वर पाहिलं. "दादा, बैलाचं वेगळं. यात काही काढत नाहीत. बागेत ठिबकची एखादी बारीक नळी मुडपून बंद करता ना तुम्ही? तेवढंच. मोटार चालूच राहते."

बोलून झाल्यावर माझे कान तापले. आई उगाचच पाणी आणायला उठली.

दादानं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "आन मंग हिला काय करावं नाय लागणार?"

"काहीच नाही. ऑपरेशननंतर तुझी तपासणी होईपर्यंत काही महिने सांभाळायचं, बस."

तो हात धुऊन बाहेर गेला. सकाळी म्हणाला, "चल. पण पेठला नको, वळखीचे भेटत्यात. नाशिकला जाऊ."

ऑपरेशन होऊन आम्ही त्याच दिवशी घरी परतलो.

गावातल्या मजुरांची टोळी द्राक्षाच्या कामाला निघाली तेव्हा मी गावातच होते. आई आणि मी भांड्यांची पोती जीपवर चढवत होतो. दादा बाजूला उभा.

"काय रं," जीपमधून एकजण ओरडला, "बायांना वझी उचलायला लावतो? नवरदेव हायस का?"

दादानं खाली पाहिलं. मग म्हणाला, "ऑपरेशन केलंय. थोडं दिस जड उचलायचं नाय."

जीपमध्ये बसलेली वहिनी धाकटीला मांडीवर घेऊन सरळ दादाकडे बघत होती. दादा जीपमध्ये चढला, तसा टोळीतला एक लेकुरवाळा गडी सरकत त्याच्याजवळ आला.

"लय दुखतं का रं?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"सुईपुरतं," दादा म्हणाला आणि त्याला बसायला जागा करून दिली.