पंगतीचा पास्ता

"या भागात इटालियन कुठं बरं मिळतं?" असं बँकेतल्या नव्या मॅडमनी विचारलं, तेव्हा मी तीन ठिकाणं सांगितली. कोपऱ्यावरच्या बेकरीत पिझ्झा आहे, पण त्याचा पाव गोड लागतो. कॉलेजसमोरच्या गाडीवर मॅक्रोनी आहे, पण तिच्यात पत्ताकोबी आणि सोया सॉस. तिसरं आमचं. आमची काय खोट सांगावी ते सुचेना, तेवढ्यात मॅडमनी ठरवूनच टाकलं. मुलीचा वाढदिवस, बारा माणसं, रविवारी दुपारी एकला.

आमचं म्हणजे काकूंच्या खानावळीतलं. मी बुलढाण्याकडची, आठवीत शाळा सोडलेली. नवऱ्याला भरवेलीच्या खाणीवर ट्रक चालवायला मिळाला म्हणून इतक्या लांब, मध्य प्रदेशात बालाघाटला आले. कुठलं सर्टिफिकेट न विचारता काकूंनी मला शेगडीसमोर उभं केलं, हे मी विसरत नाही. संध्याकाळचं इटालियन त्यांनी सुरू केलं, त्यावरच माझं काम. पण गिऱ्हाईक येईना. "रविवार चांगला गेला त ठेवू," त्या म्हणाल्या, "नाही त संध्याकाळी शटर बंद. मंग तुले काय काम देऊ मी?"

दोन दिवस मला घास गोड लागला नाही. बारा माणसं म्हणजे माझ्या डोक्यात पंगत. पंगतीचा भात आमच्याकडं सकाळीच शिजवून, पेज काढून, ओल्या फडक्यावर पसरून झाकून ठेवतात. मी पास्त्याचं तसंच केलं. रविवारी सकाळी आठ वाजताच सगळं झालं. मग उगाच चार वेळा दाराशी जाऊन आले. फडकं मात्र उचललं नाही, वाफ जाते म्हणून.

बाराला काकूंनी उचललं.

"अवं बाई, हा पास्ता हाय का गोवऱ्या थापल्या?"

सगळ्याचा एक थर झाला होता. सोडवायला गेले तर तुकडे हातात यायला लागले. नवीन पाकिटं दीडच उरली होती.

"वरून चीज घालून झाकू का, काकू?"

"झाक. पोरीनं चमच्यानं एक उचलला की अख्खी थाळी वर येईन."

मॅडम आल्या तेव्हा मीच बाहेर गेले आणि सांगितलं, माझ्या हातून बिघडलं. त्यांनी घड्याळ बघितलं, मग मुलांकडं बघितलं.

"मुलांपुरता ताजा होईल?"

"होईल. पंधरा मिनिटं."

"आणि आम्ही?"

मी मागं वळून पाहिलं. काकू सुरीनं त्या थराच्या वड्या पाडत होत्या. लसूण, तिखट लावून त्यांनी त्या तव्यावर तळायला घेतल्या. मोठ्या माणसांना तेच वाढलं. एकानं मागून घेतलं, एकानं ताटात ठेवलं. मॅडमनी दोन खाल्ल्या. "हे इटलीत मिळत नसावं," त्या म्हणाल्या. टोमणा होता की काय, मला कळलं नाही.

"आमच्याकडंही मिळत नाही," काकू म्हणाल्या.

मंडळी गेली. काकू बराच वेळ तवा घासत राहिल्या. मी एप्रन काढला, घडी करून ओट्यावर ठेवला.

"काहून काढला?"

"संध्याकाळचं बंद ना आता."

"पोरीनं दोनदा घेतला, पाह्यलं नाही का? उद्या येजो. फक्त गिऱ्हाईक बसल्याबिगर पास्ता पाण्यात टाकू नको."

"हौ. पण एकदम बारा जण आले तर?"

"मंग बारा जण थांबतीन."

मी एप्रन पुन्हा बांधला. चारच वाजले होते, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पुसलेला ओटा परत पुसायला घेतला.