बांधावरची म्हातारी घोरपड

रानातल्या जनावरांचं एक जुनं पुस्तक आमच्या पिढीनं लहानपणी वाचून वाचून फाडलं. त्याचा दुसरा भाग लिहा म्हणून प्रकाशकाचा फोन आला, तेव्हा मी तीर्थपुरीच्या शाळेत मास्तर म्हणून कसेबसे दिवस ढकलत होतो. हो म्हणालो आणि नसतं लचांड गळ्यात घेतलं. शाळेतून आल्यावर अंगात त्राण उरायचं नाही, आणि पुढ्यात हे ससे न् कोल्हे.

पहिल्या भागातली घोरपड सगळ्यांचे निरोप पोचवत रानभर पळत असते. माझ्या भागात मी तिला म्हातारी केली आणि एक अख्खं प्रकरण नुसती बांधावर उन्हात बसवली. कुणी तिला हाक मारत नाही, एवढंच प्रकरण. दमलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

आईला वाचता येत नाही. तिची हयात लोकांच्या रानात खुरपण्यात गेली. लिहिलेलं मी तिला वाचून दाखवायचो. बाकी प्रकरणांना ती खुशाल पेंगायची, हे मात्र तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बसू दे तिला. आता कामाला लावू नको."

बरं म्हणालो.

प्रकाशकाला नेमकं तेच प्रकरण नको होतं. पोरांना बसलेली घोरपड आवडत नाही, पूर आणा, तिला पिल्लं वाचवू द्या, नाहीतर पुस्तक राहू द्या म्हणाले. दोन आठवडे मी फोनवर हुज्जत घातली. मग कंटाळलो. खरं सांगतो, वाईट वाटून घ्यायचीसुद्धा ताकद नव्हती. एका रविवारी पूर आणला न् मोकळा झालो.

छापील पुस्तक आलं तशी आई पुढ्यात येऊन बसली, त्या घोरपडीचं वाच म्हणाली. मी पुराचं पान उघडलं आणि जुनं प्रकरण तोंडपाठ म्हणायला लागलो. हिला काय कळतंय, असं वाटलं मला. स्वतःच्या आईबद्दल चक्क असं वाटलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग पुस्तक आपल्याकडे वळवून चित्रावर बोट ठेवलं.

"मंग ही पाण्यात काय करून राह्यली?"

चित्रातल्या घोरपडीच्या पाठीवर पिल्लं होती, आई त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हंजी लावलंच तिला कामाला," ती म्हणाली, आणि पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं.