आईंची पहिली घरपट्टी

मुंबईबाहेर बोळिंजला राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या सासूबाईंनी घरातलं सगळं पाणी ओतून दिलं. कळशीतलं, पातेल्यांतलं, आणि आदल्या संध्याकाळी टँकर आल्यावर मी धावपळ करून भरून ठेवलेल्या निळ्या ड्रममधलंसुद्धा. मी उठून बघते तर त्या पदर खोचून चिंचेने कळशी घासत बसलेल्या. चेहऱ्यावर काम वेळेत उरकल्याचं समाधान. इथला नळ कधी येतो, असं त्यांनी मलाच विचारलं.

माझा पारा चढला, आणि तो चढायलाच हवा होता असं मला आजही वाटतं. "आई, इथे नळ येत नाही. पाणी विकत येतं," मी म्हटलं. मी थट्टा करतेय असंच त्यांना आधी वाटलं. मग त्यांनी लखलखीत कळशीकडे पाहिलं आणि बाल्कनीत जाऊन बसल्या, त्या दिवसभर फारशा उठल्याच नाहीत.

मुंबईतल्या पागडीच्या खोलीत लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हेच केलं होतं. पहाटे नळ आला की कालचं उरलेलं पाणी शिळं झालं. ते ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. शिळ्या पाण्याचा चहा त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या उष्ट्या कपातल्या चहासारखा. नळाइतकंच बाकीचंही त्यांच्या अंगवळणी पडलेलं. मागच्या गल्लीत महापालिकेचं हॉस्पिटल, तिथे माझा नवरा आणि त्याची बहीण जन्मली. कोपऱ्यावर महापालिकेची शाळा, तिथे ती दोघं शिकली. पलीकडे बाग. आणि या सगळ्याचा कर भरायचा तो घरमालकाने. आईंनी उभ्या आयुष्यात घरपट्टीचा कागद पाहिला नव्हता.

ती खोली सोडून जे हाती आलं त्यातूनच बोळिंजचं हे घर घेतलं होतं, आईंच्याच नावावर. म्हणजे मागे जायला जागा उरली नव्हती. राहता राहिल्या वन्सं, माझी थोरली नणंद. त्या मुंबईतच, इतक्या लहान घरात की तेवढ्या घरांना मुंबईत मालमत्ता कर माफच आहे. त्यांचा रोज फोन यायचा. पट्टी नाही, पाण्याची ददात नाही, आईला इकडे पाठव. पाठवलं असतं तर आईंचं अंथरूण फ्रिज आणि दार यांच्यामध्ये पडलं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही आणि आईंनाही. तरी आईंची बॅग पलंगाखाली भरलेलीच असायची. त्या इथे रमल्या नाहीत तर या वयात त्यांना माझं म्हणावं असं घरच राहणार नव्हतं. या काळजीने मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग एके दिवशी घरपट्टीचं बिल आलं. त्यावर आईंचं पूर्ण नाव होतं, मध्ये माझ्या सासऱ्यांचं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. "सरकारला ठाऊक आहे मी इथे राहते ते?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी बिलाला हळदकुंकू लावलं आणि ते देव्हाऱ्यात ठेवलं. मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. लग्नपत्रिकेनंतर त्यांचं नाव असलेला आणि त्यांनी असा हौसेने ठेवलेला हा पहिलाच कागद असावा.

पट्टी भरून आलो तेव्हा माझी बडबड चालूच होती. वन्सं एक पैसा भरत नाहीत आणि ओतून द्यायला पाणी मिळतं. आपण पट्टीही भरायची आणि टँकरवाल्याचे पायही धरायचे. हा कुठला न्याय? आईंचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. बिलात कशाकशाचे पैसे धरलेत ते त्यांना ऐकायचं होतं. शाळांसाठी, अग्निशमनासाठी, झाडांसाठी. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, मग चल, बघून येऊ.

मी आधी टाळाटाळ केली, मग निमूट चप्पल घातली. शाळा आईंनी वाटेत फाटकातूनच पाहिली. अग्निशमन केंद्रात जाऊन त्यांनी बंबाच्या गाडीला हात लावला. तिथल्या जवानाने काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, पट्टी भरलीय, बघायला आले. तो बिचारा उठून उभा राहिला आणि त्यांना शिडी कशी उघडते ते दाखवू लागला. मी लाजेने अर्धी झाले होते. पण शिडी वर वर जात राहिली तेव्हा मीही मान मागे टाकून बघतच राहिले. इतकी वर्षं या ना त्या वस्तूवर कर भरत आले आणि त्या पैशाचं पुढे काय होतं हे बघावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं.

राहिलं झाड. आमच्या इमारतीसमोर लावलेलं रोप वाळून काडी झालं होतं, ते आईंना पसंत पडेना. तेव्हा आम्ही तशाच पुढे चालत गेलो. टॉवर संपले, रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंना केळी आणि सोनचाफ्याच्या वाड्या लागल्या. एका वळणावर आमच्या फाटकाशी रोज भाजी घेऊन बसणारी बाई अळूची पानं धूत होती. ती बसली होती ते बावखलाच्या काठावर. बावखल म्हणजे इथल्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. वर आंब्याची सावली, खाली हिरवट, गार, तुडुंब पाणी. दहा मिनिटांवरच्या आमच्या इमारतीत त्या दिवशी तांब्याभर पाणी उरलं होतं.

आई काठावरच्या दगडावर बसल्या. मग त्यांनी त्या बाईला विचारलं, "हे पाणी कधीचं?"

ती हसली. "कधीचं म्हंजे? या पावसाचं. मागच्या पावसाचं पन आसंल. माझ्या सासऱ्याच्या वेळचं पन आसंल थोडं."

आईंनी पाण्यात हात बुडवला आणि तसाच ठेवला. रोज पहाटे कालचं पाणी ओतून देणाऱ्या आई कुणाच्या तरी सासऱ्याच्या काळातल्या पाण्यात हात घालून बसल्या होत्या, आणि त्यांना तो बाहेर काढवत नव्हता.

याची पट्टी कोण भरतं, हा आईंचा पुढचा प्रश्न. पट्टी नाही, बाई म्हणाली. पावसाच्या आधी प्रत्येक घरातून एक माणूस उतरतो आणि गाळ काढतो. कुणी मुंबईला नोकरीला असलं तरी त्या दिवशी सुट्टी टाकून येतं. आता गाव महापालिकेत आलंय, पट्टीही लागते, पण गाळाचा दिवस कुणी चुकवत नाही. आईंनी तो दिवस कोणता ते विचारून ठेवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या इमारतीला महापालिकेचं पाणी मिळालं. दूरच्या धरणातलं पाणी डोंगर ओलांडून आमच्या मीटरपाशी आलं, तेव्हा सोसायटीच्या बायकांनी पाइपाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. एकीने तर चावीला गजरा बांधला. आधी खोकल्यासारखा आवाज आला, थोडं गढूळ आलं, आणि मग स्वच्छ धार. मी आजन्म नळाखाली हात धूत आले आहे, पण त्या दिवशी नुसती धार बघून माझे डोळे भरून आले. आईंनी ओंजळ धरली, तोंडाला लावली आणि मान डोलावली. वन्संना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, नळ आला म्हणून काय मुंबई झाली का? हॉस्पिटल कुठे आहे चालत जाण्यासारखं? ते खरंच होतं. मे महिन्यात मी स्वतः येते आणि आईला घेऊन जाते, असं त्यांनी सांगून टाकलं. आईंची बॅग अजून पलंगाखालीच होती.

वन्सं आल्या तो नेमका गाळाचा दिवस निघाला. आई घरात नव्हत्या. मी वन्संना घेऊन वाडीकडे गेले. बावखलाचं पाणी उतरलं होतं आणि काठापासून आतपर्यंत माणसांची रांग उभी होती. बँकेत जाणारी, शाळेत शिकवणारी, वाडीत राबणारी, सगळी गुडघाभर चिखलात. गाळाची घमेली हातोहात वर सरकत होती. कुणी हुकूम देत नव्हतं, कुणी पैसे मोजत नव्हतं. मी थक्क होऊन बघत राहिले. आणि रांगेच्या वरच्या टोकाला, सुक्या जागी, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून आमच्या आई रिकामी घमेली खाली पाठवत होत्या.

वन्सं घाबरल्याच. या वयात हे काय, पडलीस तर कोण बघेल, बॅग तयार आहे, चल, असं त्या काठावरूनच सांगू लागल्या. आईंनी हातातलं घमेलं पुढे दिलं.

"तू जेवून घे," त्या म्हणाल्या. "माझी पट्टी भरून झाली की येते."

थोड्या वेळाने वन्संनी चपला काढल्या आणि आईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मग मलाही काठावर उभं राहणं बरं दिसेना.

वन्सं रात्री आमच्याकडेच राहिल्या. सकाळी मी स्वयंपाकघरात आले तेव्हा नळाला धार होती आणि वन्सं जुन्या सवयीने कालची भरलेली कळशी उचलून सिंककडे निघाल्या होत्या. आईंनी मागून येऊन कळशीखाली हात धरला. "ठेव," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे ते."

त्यांनी त्याच कळशीतलं पाणी पातेल्यात घेतलं आणि आम्हा तिघींचा चहा ठेवला.