गाय उपाशी आणा

मंडप दिसला की अजून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. लग्नाचा असो नाहीतर सत्यनारायणाचा. ते झालरीचं कापड, ती फुग्यांची कमान, आणि "हॅलो, हॅलो" करत माइक ठोकणारा माणूस दिसला की मी मान फिरवते. घरातले विचारतात, तुला एवढी किळस कशाची? कशाची म्हणजे? माणसांची.

पणदऱ्याजवळ आमचं रान. ऊस, चाऱ्यापुरतं थोडं मकवान आणि दारात दोन गाई. धाकटी मी हातानं वाढवलेली. ती जन्मली आणि तिची आई गेली, मग मीच बाटलीनं दूध पाजलं, थंडीत तिच्यावर गोधडी घातली. काळीपांढरी, कपाळावर पांढरा टिळा, आणि चालणं असं ठसक्यात की रस्त्यानं जाणारा माणूस गाडी थांबवून बघायचा. पहिलारू होती, सातवा महिना चालू होता. कालवड होईल की खोंड, एवढाच माझ्या डोक्यात विषय.

त्या हिवाळ्यात एका संस्थेनं गावात जनावरांच्या आरोग्याचं शिबिर ठेवलं. लस, जंताचं औषध, खाण्यापिण्याची माहिती, सगळं फुकट. मला खरंच बरं वाटलं. आमच्याकडं डॉक्टर एक आणि गावं ढीगभर. जनावर आडवं पडलं की फोन लावत बसायचं आणि वाटेकडं बघायचं. म्हटलं, गाभण गाय एकदा कुणीतरी नीट हात लावून बघेल.

आदल्या संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष स्वतः दारात. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, अंगाला अत्तराचा भपकारा. "वहिनी, गोपूजनाला तुमचीच गाय पायजे. असली देखणी गाय पंचक्रोशीत न्हाय."

आमचे हे लगेच फुगले. "न्या की! आपलंच काम हाय."

मी म्हटलं, "गाभण हाय ती. गर्दीत न्हाय न्यायची."

"आवो, डॉक्टर असत्याल की तितं! सगळ्यात आधी तिचीच तपासणी," अध्यक्ष म्हणाले. इथं मी नरमले. मग चहाचा कप खाली ठेवता ठेवता ते म्हणाले, "फकस्त एक करा. सकाळी काय घालू नका. गाय उपाशी आणा. सतरंजीवर शेण पडलं तर पाव्हण्यांसमोर बरं दिसत न्हाय. आन् भूक आसली की फोटोत बी झकास खाती."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. जनावरांच्या आरोग्याचं शिबिर, आणि जनावर उपाशी! मी ताडकन म्हटलं, गाभण जिवाला उपाशी ठेवत न्हाईत. ते गेल्यावर हे माझ्यावरच खेकसले, "एका सकाळचा तर प्रश्न हाय. शुभ कामात नाट लावू नको." पहाटे मी वैरणीचा भारा घेऊन गोठ्यात गेले, तर दावणीला थोरलीच. धाकटीला हे केव्हाच घेऊन गेले होते.

मी तशीच मागोमाग गेले. स्टेजच्या कडेला गाय बांधलेली. अंगावर झूल, गळ्यात झेंडूचा हार. बाकीची जनावरं लांब उन्हात. म्हशी धापा टाकतायत, शेळ्या ओरडतायत, आणि डॉक्टर छातीला बिल्ले लावून खुर्च्यांवर. पाहुण्यांनी समई पेटवल्याशिवाय सुई लावायची नाही म्हणे. एक म्हातारा लंगडी शेळी काखेत घेऊन दोनदा विचारायला गेला, त्याला दोन्ही वेळा सांगितलं, "थांबा तात्या, पाव्हणं येऊ द्या." शेळीच्या पायाच्या जखमेवर माश्या बसत होत्या.

पाहुणे ऊन तापल्यावर आले. मोठे तज्ज्ञ, नुकतेच आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतलेले. आल्या आल्या गाईला ओवाळलं आणि गुळाचा खडा तोंडात दिला. उपाशी जीव तो, लगेच जीभ काढली. सगळे हसले. फोटोवाला म्हणाला, "साहेब, परत एकदा, इकडं बघून." मग अध्यक्ष. मग अध्यक्षांची मंडळी. मग ज्याच्याकडं म्हणून मोबाईल होता तो प्रत्येक जण. गुळाची अख्खी ढेप फोडून परातीत ठेवलेली. ती संपत आली तर बायकांनी पुरणपोळ्या काढल्या, त्यानंतर पेढ्यांचे पुडे. आणि वर आदर्श आहार म्हणून दाखवायला मक्याच्या भरड्यानं भरलेलं घमेलं तिच्या तोंडापाशी ठेवलं. तिनं ते चाटूनपुसून साफ केलं.

मी मधे आडवी आले. "बास करा आता, बाधंल तिला!"

एक बाई माझ्या अंगावरच आली. "आवो, गोमातेच्या मुखात गोड पडतंय. पुण्याला न्हाय म्हणू नये माणसानं."

जवळ आमच्या भागातलेच डॉक्टर उभे होते. मी त्यांना म्हटलं, सायेब, तुमी तरी सांगा. ते हसले. "ताई, थोडं चालतं." आणि फोटोवाल्यानं हाक मारल्यावर त्यांनीही एक पेढा भरवला.

मग भाषण. खोटं कशाला बोलू, भाषण चांगलं होतं. आफ्रिकेत खेड्यातल्याच बायांना, गुराख्यांना शिकवतात, ते घरोघर जाऊन लस टोचतात, उन्हाळ्यासाठी चारा साठवून ठेवतात, असं पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. मला वाटलं, असं आपल्याकडं झालं तर मी पहिली शिकेन. शेवटी पाहुणे बोट उंचावून म्हणाले, जनावराला एकदम गोड आणि पिठूळ घालू नका, पोटात आम्ल होतं, जनावर दगावतं. टाळ्या कडाडल्या. माझी गाय त्यांच्या मागंच उभी होती, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांतली एक जण तिला पोळी चारत होती. शिसारी आली मला. टाळ्या वाजवणाऱ्या त्या हातांना गूळ चिकटलेला होता.

तपासणी जेवण झाल्यावर, असं ठरलं. जेवणं झाली, ढेकर दिले, आणि औषधांची गाडी निघाली. दुसऱ्या दिवशी इंदापूरकडं वरकुट्याला हेच शिबिर होतं. म्हातारा शेळी घेऊन तसाच परत गेला. माझी गाय कुणाचा हात न लागता घरी आली, हारासकट.

दुपार कलली आणि तिनं रवंथ बंद केलं. दात करकरा खायला लागली. डावी कूस फुगली, पातळ शेण आलं, त्याला आंबूस घाण वास. मी खायचा सोडा पाण्यात कालवून बाटलीनं पाजला. हे फोन लावत होते. अध्यक्ष म्हणाले, "बघतो." आमचे डॉक्टर औषधांच्या गाडीबरोबर वरकुट्याला गेलेले. ते दिवे लागायच्या वेळेला आले तेव्हा ती बसली होती आणि मान पोटाकडं वळवून बघत होती.

त्यांनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. घाम पुसला आणि मला विचारलं, "काय घातलं हिला?"

माझ्या उत्तराची वाट न बघता तेच बोलत सुटले.

"कितीदा सांगायचं तुम्हा लोकांना? आज भाषणात सांगितलं ना, गोड घालू नका म्हणून? ऐकतच नाही तुम्ही."

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुमचा पेढा बी हाय तिच्या पोटात."

ते सलाईनचे थेंब बघत बसले. हे उठून अंगणात गेले.

उजाडताना ती गेली. मी पोटावर हात ठेवला होता. आतलं वासरू अजून हलत होतं. आई गेली हे त्याला कळलं नव्हतं. थोड्या वेळानं तेही थांबलं, आणि मी हात काढला.

जेसीबीनं बांधाला खड्डा केला, मीठ टाकून पुरली. शेजारणी हळदकुंकू घेऊन आल्या. त्यातली एक म्हणाली, "गोड तोंडानं गेली, पुण्यवान जीव." मी तिला तिथल्या तिथं हाकललं. आजही ती माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही.

यंदा पुन्हा शिबिर. अध्यक्ष पुन्हा दारात, तोच भपकारा. "वहिनी, ती गेल्या साली आणलेली गाय द्या की. काय फोटो आले होते!"

ती गेली हे त्यांना माहीतच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, त्या फोननंतर त्यांनीही विचारलं नव्हतं. मी त्यांना बांधावर नेलं आणि जमीन दाखवली. "हितं हाय. पोटात वासरू बी हाय."

त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटून हात जोडले. मला क्षणभर वाटलं, लाजला हा माणूस. मग त्यांनी चपला पायात सरकवल्या, गोठ्याकडं नजर टाकली आणि म्हणाले, "मंग ती थोरली न्यायची का?"