भाऊजींच्या समोरची जागा

वैनगंगेच्या दोन्ही काठांवर आमच्या भाऊजींसारखा जेवणारा माणूस झाला नाही, आणि पोट कापून लहान केल्यावर त्यांच्यासारखा न जेवणाराही दुसरा झाला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. आलापल्लीला लाकडाच्या डेपोवर त्यांची नोकरी झाली. रिटायर झाल्यावर चिमूरला घर बांधलं, तर बैठकीपेक्षा स्वयंपाकघर मोठं काढलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, नकाशा उलटा झाला." भाऊजी म्हणाले, "तुह्या घरी उलटा असन. माणूस माणसाच्या घरी बसाले येते का जेवाले?"

तर असा माणूस. पंगत म्हटली की त्यांचा जीव मोहरायचा. लग्न असो, बारसं असो, विहारातली बुद्धपौर्णिमेची खीर असो, भाऊजी पांढरा शर्ट घालून पहिल्या पंगतीला हजर. आधी बुंदी संपवायची, मग भाताला मधल्या बोटाच्या पेराने खड्डा करायचा, त्यात वरण, आणि वरून आलू-वांग्याच्या भाजीची तर्री. असा खड्डा करणारा मी दुसरा पाहिला नाही. बोट असं फिरवायचे जसं कुंभार चाकावर फिरवतो. उभ्याने जेवायच्या बफेचा त्यांना भारी राग. "जनावरंही बसून रवंथ करते, बाई," मला म्हणायचे, "अन् हे सुटाबुटातले लोक ताट घेऊन हिंडून राह्यले." पण ते नुसते स्वतः जेवत नसत. त्यांचं लक्ष समोरच्याच्या पत्रावळीवर. "वाढ रे त्याले, लाजून राह्यला थो," असं ओरडायचे, आणि समोरचा दोन घास जास्त जेवला की यांच्या चेहऱ्यावर समाधान. आचारीसुद्धा विचारायचे, साहेब आले का. ते जेवून उठले म्हणजे लग्न खरं लागलं, असं आमच्यात म्हणत.

मग शुगर वाढली, गुडघे बसले, खाटेवरून उठताना धाप लागायला लागली. पोराने नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की पोटाचा मोठा भाग काढून टाकू, उरेल ते केळाएवढं राहील. भाऊजींनी गंभीरपणे विचारलं, "कोणतं केळ? आपलं मोठं, का इलायची?" डॉक्टर हसले. पुढे म्हणाले, भूक लागते ती ज्या भागामुळे, तो भागच निघून जाईल, त्यामुळे तुम्हाला पहिल्यासारखी भूक लागणार नाही. यावर मात्र भाऊजी हसले नाहीत. ऑपरेशन झालं, घरी आले, मी भेटायला गेले, तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाले, "बाई, भूक काढली म्हणते थो डाक्टर. काढली म्हणजे गेली कुठी? वस्तू काढली तर कुठी तरी ठेवा लागते ना?" मी म्हटलं, आता तुम्ही निजा.

पहिले दिवस नुसतं पातळ. वरणाचं पाणी, ताक, गाळलेलं सूप. मग कुस्करलेलं. मग कुठे नातवाचा छोटा चमचा आणि नातवाचीच वाटी. प्रत्येक घास तोंडात विरून जाईपर्यंत चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, आधी अंडं, मासा किंवा डाळ, आणि जागा उरलीच तर भात. जागा उरतच नसे. एकदा चोरून बुंदीची चिमूट तोंडात टाकली तर दरदरून घाम फुटला, छाती धडधडली, खाटेवर आडवे झाले. शुद्धीवर आल्यासारखे उठून बसले तेव्हा डोळ्यांत पाणी. म्हणाले, "बुंदीनं मले ओळखलं नाई." मी हसले होते खरी, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

आता जे सांगते ते तुम्ही खोटं म्हणाल. आम्हीही म्हणालो. आम्ही काही भूतखेत मानणारी माणसं नव्हे. आमच्या सासऱ्यांनी घरातले देव नदीत सोडले, तेव्हाच अंगात येणंही सोडलं. पण चिमूरला एका लग्नात मी भाऊजींच्या शेजारी बसले होते. अंगावरचं कातडं सैल झालेलं, शर्ट हँगरवर टांगल्यासारखा, पुढ्यात घरून आणलेली नातवाची वाटी. समोर बसले होते एक गुरुजी. काडीसारखा माणूस, पोटाचा आजार, सगळं आयुष्य दही-भातावर काढलेला. भाऊजी आपलं अंडं चावत होते आणि गुरुजींच्या पत्रावळीकडे बघत होते. नुसते बघत होते हो. गुरुजींनी बुंदी घेतली. मग परत घेतली. मग मधलं बोट वाकवलं आणि भाताला पेराने खड्डा केला. माझा घास हातातच राहिला. गुरुजी जेवत गेले, जेवत गेले. वाढणारे आधी हसले, मग एकमेकांकडे बघायला लागले. शिकरा वरून गेला म्हणजे झाडावरच्या चिमण्या कशा एकदम गप्प होतात, तशी ती पंगत गप्प झाली. फक्त गुरुजींचं भुरकणं ऐकू येत होतं. इकडे भाऊजींनी चमचा खाली ठेवला, पोटावरून हात फिरवला, तेव्हा गुरुजी थांबले. स्वतःच्या तर्रीने माखलेल्या हाताकडे बघत म्हणाले, "मी कुठी जेवलो? माह्या तोंडानं कोणी तरी जेवून राह्यलं होतं." आणि गंमत म्हणजे त्यांना काही बाधलं नाही. उलट त्या दिवसापासून त्यांचा पोटाचा आजार गेला. पण हे कोणी लक्षात घेत नाही.

पुढे पुढे वाढतच गेलं. भाऊजी अंगणात जेवायला बसले की समोर पडून राहणारं त्यांचं कुत्रं इतकं फुगलं की बसल्या जागेवरून भुंकायला लागलं. मग एके दिवशी काय कळलं त्याला, भाऊजींचा चमचा वाजला की उठून फाटकाबाहेर जाऊन बसायचं आणि जेवण होईस्तोवर आत यायचं नाही. ताईचं तर विचारूच नका. तिचे सगळे ब्लाउज उसवून झाले. शेवटी वैतागून म्हणाली, "तुमी तिकडं भिंतीकडं तोंड करून जेवा जी! माह्यानं आता आणखी होत नाई." भाऊजी बिचारे भिंतीकडे तोंड करून बसले. आठवड्याभरात भिंतीपलीकडची शेजारीण आली, म्हणे, "वहिनी, आमच्या घरी काय झालं समजत नाई. बाराचा टाइम झाला की सारे जण जेवले तरी पुन्हा ताटं मांडते."

मग बोलावणी थांबली. आमच्या लोकांची मोठी पंचाईत. नजर लागते म्हणावं तर विहारात भंतेजींसमोर कोणत्या तोंडाने म्हणणार? म्हणून जो तो नवी सबब काढी. कोणी म्हणे, पत्रिका छापायच्या राहिल्या. कोणी म्हणे, फोन लावला होता पण टॉवर नव्हता. एकाने तर भर चौकात भाऊजींना जयभीम घातला आणि म्हणाला, "आमी नजरबिजर काई मानत नाई, भाऊ. फक्त यंदा मंडप लहान हाय." भाऊजी म्हणाले, "मी आता पहिल्यापेक्षा निम्मा झालो ना गा. मले कितीक जागा लागते?" तो माणूस खाली मान घालून स्कूटरला किक मारत राहिला. बटण स्टार्टची स्कूटर होती ती.

भाऊजींनी कोणाला दोष दिला नाही. पण त्यांनी जेवण सोडलं. हट्टाने नव्हे. ताई वाटी भरून द्यायची, ते चमचा तोंडाशी न्यायचे, आणि तो तसाच परत यायचा. समोर कोणी नसलं की घास उतरत नसे. पोट म्हणायचं लागत नाही, आणि मन तर पंगतीत अडकलेलं. केस गळाले, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. नागपूरचे डॉक्टर रागावले, की असंच चाललं तर ऑपरेशनने वाचवलेला माणूस उपासाने जाईल. थोडं खा, पण रोज वेळेवर खा. ताईचा मला फोन आला, रडत होती. "त्याइले माह्यासमोर बसवाले मी भेते म्हणून नाई गं. पण माही शुगर आता त्याइच्यापेक्षा जास्त झाली. मी काय करू?" मी म्हटलं, "माझ्याकडे पाठवून दे."

माझं गाव गडचिरोलीच्या अलीकडे, जंगलाला लागून. आमचे हे गेल्यापासून मी घरात एकटीच. खोटं कशाला बोलू, मीही जेवायचं म्हणून जेवत होते. एकटीसाठी चूल पेटवायची कशाला, म्हणून उभ्या उभ्या शिळा भात आणि चटणी. माझ्या अंगावर मांस नव्हतंच, मग थोडं चढलं तर भीती कशाची?

भाऊजी एसटीने आले, उतरताना कंडक्टरने हात धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मन लावून स्वयंपाक केला. त्यांच्यासाठी अंडं आणि मऊ वरण. माझ्यासाठी मागच्या पावसाळ्यात वाळवून ठेवलेले वास्ते केले, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते दोऱ्याचे, चिवट, भाऊजींच्या पोटाला चालण्यासारखे नाहीत, म्हणून मी त्यांच्या वाटीजवळ आणलेही नाहीत. समोरासमोर बसलो. भाऊजी म्हणाले, "बाई, भेव वाटत असन तर मी वसरीत जाऊन बसतो."

"बसा गुमान," मी म्हटलं.

बाहेर कडक ऊन. होले घुमत होते ते थांबले. भाऊजींनी चमचा उचलला आणि माझ्या ताटाकडे पाहिलं. मला आधी काहीच वाटलं नाही. मग पायाच्या तळव्यांतून कोणी पाणी भरत आणावं तशी भूक वर वर आली. माझी नव्हती ती. इतकी मोठी भूक बाईमाणसाची नसतेच. आम्ही तेवढी लागू देत नाही. माझा हात आपोआप भाताकडे गेला. मी जेवायला लागले. वास्त्याचा घास घेतला, आणि समोरून भाऊजी चावता चावता सहज म्हणाले, "मीठ थोडं कमी पडलं, बाई."

मी थांबले. त्यांच्या वाटीत अंडं होतं. वास्ते माझ्या तोंडात होते.

"तुमी कुठी खाल्ले?" मी विचारलं.

भाऊजींचा चमचा वाटीत पडला. चोरी पकडल्यासारखे झाले. "कोणाले सांगू नका, बाई," म्हणाले. "गुरुजीच्या पत्रावळीवरची बुंदी, शेजारणीची अंबाडीची खाटी भाजी, मले साऱ्याइची चव समजते. मी कोणाले जबरदस्ती करत नाई. मी फक्त पाहतो, अन् मनात म्हणतो, हा घास चांगला हाय, घेऊन टाक. माह्या तोंडात आता चवच लागत नाई ना. दुसऱ्याच्या तोंडात लागते." आणि म्हणाले, "तुमच्या तोंडात लई दिवसाची शिळ्या भाताची चव हाय, बाई. आमचे साडू गेल्यापासून तुमी काई केलंच नाई वाटते."

मी उठले, मीठ आणलं, भाजीवर घातलं, आणि पुन्हा बसले. काय करणार? ज्या माणसाला एवढं समजलं, त्याच्यापुढून उठून जायला पाय निघत नाही. त्या दिवशी भाऊजींनी वाटी पुरी संपवली. मीही.

ते माझ्याकडे राहिले तोवर मी रोज नवं काही केलं. पावसाळा लागल्यावर जंगलातून बायका सात्या घेऊन आल्या, त्या मशरूमची भाजी केली, भाऊजी डोळे मिटून वरण चावत होते आणि म्हणत होते, "व्वा, सात्या." त्यांच्या गालावर रंग आला. डॉक्टरांचे रिपोर्ट चांगले आले. माझ्या साड्यांच्या निऱ्या कमी झाल्या, पण मी ताईला सांगितलं नाही.

मग पोराने दोघांना नागपूरला नेलं, मोठ्या बिल्डिंगीत. पोराचं काही चुकलं नाही, दवाखाना जवळ. पण तिथे म्हणे ज्याची वेळ होईल तो आपलं ताट घेऊन आपल्या खोलीत जातो. ताई फोनवर सांगते, भाऊजी खिडकीशी बसून वाटी धरतात, कधी खातात, कधी नाही. मी त्यांना विचारलं, कसं आहे जी? म्हणाले, "इथी खालून हजार माणसं जाते, बाई, पण कोणी बसून जेवत नाई."

तेव्हापासून मी बारा वाजता बसते. चूल पेटवून, ताजं करून, मीठ बघून. समोर पाट मांडते, रिकामा. नागपूर इथून फार लांब आहे, एवढ्या लांबून काही पोचत असेल का, मला माहीत नाही. पण कधी कधी दोन घासांनंतर पायाच्या तळव्यांत ते पाणी चढल्यासारखं वाटतं. तेव्हा मी घाई करत नाही. पुढचा घास लहान घेते आणि पार विरेपर्यंत चावते. त्यांच्या पोटाला झेपलं पाहिजे.